जावयांचा भुताचा पिच्चर

पोळ्याच्या आदल्या दिवशी, यवतमाळच्या दवाखान्यात, माझ्या बहिणीसमोर, आमचे जावई सुधाकरराव यांनी माझ्याकडे पंचवीस हजार रुपये मागितले. औषधाला नव्हे, त्यांच्या भुताच्या पिच्चरच्या दुसऱ्या भागासाठी. त्यांच्या नाकाला नळी लावलेली होती. मी नाही म्हटलं. त्याच आठवड्यात ते गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे; पण या पिच्चरांनी माझ्या धाकट्या बहिणीचं, रेखाचं, जे केलं ते रीत पाळून लिहिता येत नाही.

आर्णीत त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. समोर गिऱ्हाईक उभं, आणि हे काउंटरखाली मोबाइल धरून कुठल्या तरी हवेलीतला पिच्चर बघणार. एकदा मलाही शेजारी बसवलं. दोन तास दारं करकरली, पडदे हलले, आणि शेवटी जे भूत आलं त्याच्या पाठीवरची चेन दिसत होती. जवाईबापू, हे असलं पाहायचं कशाला, असं मी विचारलं. ते हसले. "भाऊ, भूत येईपर्यंतच मजा असते. आलं का पिच्चर गेला." एवढं कळत असूनही हा माणूस रोज नवा पिच्चर लावायचा, या खेपेला तरी भूत बरं निघेल म्हणून...

मग स्वतःच काढला. चाळीस हजारांत, राहत्या घरात. भूत तेच झाले. रेखाची साडी नेसून, अंबाडीच्या वाखाचे केस लावून. भुताचे पाय उलटे हवेत म्हणून चपला उलट्या बांधल्या आणि ओट्यावरून खाली आले. तो पडलेला शॉट तसाच ठेवला, कारण भाड्याचा कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. मंगल कार्यालयात दाखवला तेव्हा लोक पोट धरून हसले. भुताले साडी मस्त दिसून राह्यली, असं मागच्या रांगेतल्या बाया रेखाला ऐकू जाईल असं बोलत होत्या. घरी जाताना जावयांनी मला एवढंच विचारलं, कोणी तरी भेलं का? मी खरं ते सांगितलं.

पिच्चरला कोणी भ्यालं नाही. घराला मात्र लोक भ्यायला लागले. पिच्चर मोबाइलवरून गावभर फिरला, आणि आमच्या बहिणीच्या साध्या विटांच्या घराला भुताचं घर हे नाव पडलं. ते होते तोवर हसण्यावारी गेलं. ते गेल्यावर दुकान बंद झालं, आणि रेखाच्या हाती पुढच्या दोन खोल्यांचं भाडं तेवढं उरलं. तेच येईना. तीन बिऱ्हाडं पाहून गेली. एका बाईनं तर उंबऱ्याबाहेरूनच, काकू, ते भुताची खोली हेच का, म्हणून विचारलं आणि चहाही न घेता निघाली. दोन वर्षं मेहनत करून माणूस एक भूत धड उभं करू शकला नाही. बायकोचं भाडं मात्र पार बुडवून गेला.

शेवटी बाभुळगावहून बदलून आलेले एक शिक्षक तयार झाले. चार हजार महिना. अट एकच, त्या खोलीतल्या भिंतीवर पिच्चरसाठी उमटवलेला रक्ताचा पंजा पुसायचा. रास्त अट होती. त्यांनी दोन हजार ॲडव्हान्स दिला, मी रंगारी आणला. तो भिंत घासायला लागणार तोच रेखा आली आणि पंजाला पाठ लावून उभी राहिली.

"राहू दे, दादा."

"भाडं जाईल, रेखा."

"जाऊ दे. फोटोत नुस्तं तोंड हाये त्याईचं. हात इथंच हाये."

ती बाजूला झाल्यावर मी तो पंजा पहिल्यांदा नीट पाहिला. लाल ऑइल पेंटचा, ओघळलेला. भूत बाईचं, पण पंजा चांगला रुंद, आणि करंगळी अर्धीच. जावयांची करंगळी सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये गेली होती. केस लावले, साडी नेसली, बांगड्या भरल्या, आणि हात आपलाच उमटवला. पिच्चर पाहताना ही चूक आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती... आम्ही हसत होतो.

माझा राग गेलेला नाही. रेखा आता शिलाई मशीन घ्यायचं म्हणते आहे, आणि त्या भिंतीसमोरच ठेवायचं म्हणते. मी वाद घातला नाही. शिक्षकांच्या घरी जाऊन दोन हजार परत केले. रंगारी पैसे घेत नव्हता, काम कुठं झालं, म्हणे. त्याच्या हातात अर्ध्या दिवसाची मजुरी, चारशे रुपये ठेवले. भिंत न रंगवल्याबद्दल.