राणीला दाणा द्यायचा नाही

मेसवाल्या मावशींना सापाची, चोराची, कशाचीच भीती नव्हती. भीती होती ती एकाच गोष्टीची, कोणी उपाशी राहण्याची. बालाघाटला बी.एस्सी. करताना आम्ही सहा मुली त्यांच्याकडे जेवायचो. एखादीने न जेवता खोलीचं दार लावलं, की मावशी दाराशी येऊन हळूच विचारायच्या, "जिती आहेस ना वं पोरी?" आम्ही हसायचो.

ते हसणं थांबलं मुंग्यांमुळे. प्रोजेक्टसाठी मी दाणे साठवणाऱ्या मुंग्यांच्या दोन राण्या आणल्या होत्या, नुकतेच पंख गळालेल्या. काचेच्या दोन नळ्यांत एकेक राणी, कापसामागे पाणी, वरून काळा कागद. माझ्या खोलीत ऊन यायचं, म्हणून नळ्या मेसच्या कपाटात ठेवल्या. सरांनी बजावलं होतं, पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत राणीला दाणा द्यायचा नाही. तिच्या पंखांचे स्नायू आतल्या आत विरघळतात, त्यावरच ती जगते आणि पिल्लंही वाढवते. सारखं उघडून पाहिलं तर घाबरून आपलीच अंडी खाते.

हे ऐकून मावशींचं लाटणं थांबलं. "किती दिवस?"

"दीड महिना. जास्तही लागतात."

"अंडे घातलेल्या मायले? दीड महिना?"

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बहिणीचं सांगितलं. किरनापूरकडच्या तिच्या सासरच्या गावात बाळंतिणीला तीन दिवस अन्न देत नसत, पाणीसुद्धा नाही. "माही बहीण पाणी मांगत होती. मी दारात उभी होती. तिच्या सासूनं म्हटलं, देऊ नको, पोट सुजते. मी नाही देल्लं." चौथ्या दिवशी बहीण गेली. मावशी तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या.

पुढचे दिवस मी धास्तीत काढले. पोळ्या लाटताना मावशींची नजर कपाटाकडे जायची आणि माझी मावशींकडे. अंगणातल्या मुंग्यांना रोज सकाळी मूठभर कणकी, म्हणजे तांदळाचा चुरा, घातल्याशिवाय त्या चूल पेटवत नसत. अशा बाईच्या घरात मी उपाशी राणी आणून ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यात एका नळीचा कागद सरकवला. आत ओली कणकी, तिच्यावर बुरशी. अंडं एकही नाही. राणी उलटी पडलेली.

मावशी माझ्या मागेच उभ्या होत्या. "मीच देल्लं," त्या म्हणाल्या. "रोज थोडी थोडी देत होती." मग अगदी खालच्या आवाजात, "खाऊ घातलं तरी मरते?"

त्यांचा चेहरा पाहून मीच घाबरले. मरणावर त्यांना एवढा एकच उपाय ठाऊक होता, आणि तोही आता हातून गेला होता. रागावायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या नळीला त्यांनी अजून हात लावला नव्हता. कपाटाला कुलूप त्यांनीच लावायला लावलं. "किल्ली तुह्याजवळ ठेव. माह्यावर भरोसा नाही मले." मग रोज सकाळी दारातूनच विचारायच्या, "आहे?" मी न उघडताच म्हणायचे, "आहे." खरं तर मलाही ठाऊक नसायचं.

सातव्या आठवड्यात मी धीर करून कागद काढला. राणीभोवती चार फिकट, बारीक मुंग्या फिरत होत्या. मी ओरडून मावशींना बोलावलं. आता दाणा चालतो ना, हे तीनदा विचारून त्यांनी एक दाणा नळीत टाकला. मुंग्यांनी तो धरला. मला वाटलं, मावशी हसतील.

"इतके दिवस उपाशी राहून हे जगली," त्या म्हणाल्या. "मंग माही बहीण तीनच दिवसात काहून गेली?"

मी स्नायूंचं काहीतरी सांगायला गेले आणि नळीवर कागद परत गुंडाळत राहिले.

मावशी आता नाहीत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. राणीला दाणा द्यायचा नाही, हे मुलांना दरवर्षी सांगते, आणि सांगताना दरवर्षी मला भीती वाटते.