आमदारांच्या पत्रकातली दुसरी ओळ

आमच्या आमदारांची सहाही परिचयपत्रके मीच लिहिली. ते आमच्याच गावचे, मी गावच्या शाळेत मराठी शिकवणारी. पहिल्या वेळी सायकल दाराशी टेकवून त्यांनी विनवले होते. तेव्हापासून दुसरी ओळ ठरलेली : 'आईने तेंदूपत्ता तोडून शिकवले.' पाच वेळा ते जिंकले, मध्ये एकदा हरले; ओळ तशीच राहिली.

यंदा सातव्या पत्रकासाठी त्यांचा कार्यकर्ता आला. त्याच्या अत्तराने माझी ओसरी भरून गेली.

"बाई, ते तेंदूपत्त्याचं काढून टाका ना. शेतकरी कुटुंब लिवा."

"काऊन? इतकी वर्षं चाललंच ना?"

"आता सायेबाच्या मागं दहा गाड्या राह्यते, बाई. अन् तुमी अजून पत्ताच तोडून राह्यल्या!"

तो हसला. मी थकले होते. वाद घालण्यापेक्षा रेघ मारणे सोपे होते. मारली.

छापखान्यात जाण्याआधी मजकूर त्यांच्या आईला वाचून दाखवायचा, हा आमचा शिरस्ता. तिला वाचता येत नाही; मी वाचते, ती ओळींवरून बोट फिरवते. त्या दुपारी अंगणात नव्या धानाचा कोंदट, गोडसर वास होता. झाडाच्या सालीसारखे खरखरीत झालेले ते बोट सवयीने दुसऱ्या ओळीवर थांबले.

"मी कुठी आहो?"

"नाही, माय. मीच खोडलं."

बोट खाली सरकले. "अन् इथी?"

"पाच वेळा विजयी."

"हारला ते?"

"ते कधीच लिहिलं नाही."

"तेवढेच पाच वर्स तो घरी जेवला, बाई. आल्या आल्या इचारे, माय, भाजी कायची आहे? जिंकला का मंग त्याचा पत्ताच नाई."

तिने बोट कागदावरून उचलले आणि पदराला पुसले, जणू शाई लागली असावी.

मी तिथेच, तिच्या पायरीवर बसून, खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. तिच्याखाली आणखी एक : 'एकदा पराभव झाला, ती पाच वर्षे आईजवळ राहिले.' तिला वाचून दाखवले. बोट दोन्ही ओळींवरून सावकाश फिरले.

संध्याकाळी कार्यकर्ता कागद न्यायला आला. न वाचताच त्याने घडी घालून खिशात ठेवला. छापखान्यात कोणी खोडेलही. खोडू दे. माझ्या हाताने नाही.