समुद्राकडून दिसणारा गुलमोहर

माझ्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या मालवणच्या किनाऱ्यावर झाला नाही. दुसरा झाला असता तर दोघांना एक किनारा पुरला नसता. जिथे लोक माडाशिवाय दुसऱ्या झाडाला झाड म्हणत नाहीत, तिथे गावाच्या डोक्यावरच्या सड्यावर, निव्वळ कातळात, मामांनी गुलमोहर लावला. निमित्त माझ्या मामेभावाचं. मुंबईहून बोटीने येताना तो झोपला आणि मालवण ओलांडून थेट वेंगुर्ल्याला उतरला. मामांनी मुलाला बोल लावला नाही, गावाला लावला. "गाव लांबसून दिसाक नको? आज झील झोपलो, उद्या गाव इसारतलो!" एकुलता एक मुलगा मुंबईचाच होऊन जाईल, ही धास्ती त्या हट्टाच्या पोटात होती.

पहारीने कातळ फोडून त्यांनी खड्डा केला, माती आणि शेणखत भरलं, शेळ्यांच्या भीतीने करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. दोन उन्हाळे खांद्यावर घागर घेऊन मामा सडा चढले. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी बंद! पानं गळून झाडाची काठी झाली, तेव्हा मामी कळवळून तांब्या घेऊन निघाली. मामा आडवे आले. "लाडावलेला झाड आणि लाडावलेलो झील, दोगांचीय मुळां वरच ऱ्हवतत." पावसात काठीला पालवी फुटली आणि मामा गावभर असे मिरवले, जणू पालवी त्यांनाच फुटली होती. कुणी म्हणालं, "फळ नाय, लाकूड नाय, उपेग काय ह्या झाडाचो?" मामा म्हणाले, "दिसता! आणखी काय व्हया?"

फुलं मात्र काही वर्षं येईनात. तोवर दर मे महिन्यात मामा मामीचं लाल लुगडं झाडाला बांधत. "आज लुगडा चढवल्यांनी, उद्या माका चढवतले," मामी कपाळाला हात लावायची. बोट आली की मामा मला घेऊन धक्क्यावर हजर. मुलगा उतरताच पहिला प्रश्न, "दिसला?" तो म्हणायचा, "नाय." "आंधळो!" म्हणत मामा त्याची ट्रंक उचलायचे.

अखेर एका मे महिन्यात झाड नखशिखांत लाल झालं, आणि त्याच हंगामात बोट बंद झाली. मामेभाऊ एस्टीने, कट्टा गावाकडून, जमिनीच्या वाटेने आला. मामा झाडाखाली समुद्राकडे तोंड करून उभे होते. पाठीमागून "बाबा" ऐकून दचकले. "रे, तू मागसून कसो इलंस? चल, नीट ये!" असं म्हणून त्यांनी त्याला तडक बंदरावर नेलं आणि होडी काढायला लावली. मीही चढलो. मामांना पाण्याची भीती वाटायची, त्यामुळे किनाऱ्यावर जन्म काढूनही ते कधी होडीत बसले नव्हते. त्या दिवशी मुलाचा दंड घट्ट धरून बसले. बऱ्याच आत गेल्यावर मामेभावाने त्यांना हळूच वळवलं. उघड्या सड्यावर कुंकवाच्या बोटाएवढं लाल दिसत होतं.

"दिसला?" त्याने विचारलं.

"दिसला रे," मामा म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

मामा गेले. झाडाला आजही कुणी पाणी घालत नाही, ते फुलतं. मामेभाऊ मे महिन्यात एस्टीने येतो, पण सरळ घरी जात नाही. सामान माझ्याकडे टाकतो, होडी करतो आणि समुद्राकडून घरी येतो. मी धक्क्यावर उभा असतो. "दिसला?" असं विचारायला आता कुणी नाही, म्हणून मीच विचारतो.