कागदावरचा गोकुळ

चिंधाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. पाळी सातची, आणि सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या भाड्याच्या खोलीपासून कंपनीचं गेट सायकलीने पंचवीस मिनिटांवर. तरी तो चारला उठे आणि सहा वीसला गेटवर हजर असे. मशीन चालू असतानाच पाळी बदलते. जाणारा माणूस घाईत असतो. कुठल्या जागी धागा तुटतोय, कुठली ट्रॉली एका अंगाला ओढतेय, हे त्याच्याकडून आधी काढून घ्यावं लागतं. धापा टाकत आलेल्या माणसाचा पहिला तास फुकट जातो, असं चिंधाचं मत होतं.

कंपनी धाग्याची. भरलेली बॉबिन काढायची, ट्रॉलीवर लावायची, रिकामी चढवायची. एक बॉबिन पाच किलो. बारा तासांत साडेतीनशे. म्हणजे पावणेदोन टन, निम्मे वाकून आणि निम्मे खांद्याच्या वर हात नेऊन. सव्वीस वर्षांत आपल्या हातून चार बॉबिन खाली पडल्या, असं तो सांगे. कोणत्या चार, तेही सांगे.

कंपनीत मात्र त्याला चिंधा म्हणून कोणी ओळखत नव्हतं. तिथे तो गोकुळ होता.

साक्री तालुक्यातलं गाव सोडून तो सिल्वासाला आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि शाळेची पायरी चढलेला नव्हता. कंपनीला आठवी पास माणूस हवा होता. माणसं भरणाऱ्या ठेकेदाराने विचारलं, "घरात कोणी शिकलेलं आहे का? त्याचा दाखला आण. काम हातांनी करायचंय, दाखल्याने नाही." धाकटा भाऊ गोकुळ आठवी झालेला. दाखला त्याचा आला, फोटो चिंधाचा लागला. मग प्रॉव्हिडंट फंड गोकुळच्या नावाने, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड गोकुळच्या नावाने. पुढे कंपनीने आधार मागितलं, तेव्हा गावाहून गोकुळच्याच आधारची नक्कल आली. पगार बँकेत जमा व्हायला लागला, तेव्हा गोकुळ एका दिवसापुरता आला, बँकेच्या यंत्रावर अंगठा लावून संध्याकाळच्या गाडीने परत गेला. खातं त्याचं, एटीएम कार्ड चिंधाच्या खिशात.

यात काही चोरी आहे असं दोघा भावांना कधी वाटलं नाही. घाम तर खरा होता. चाळीतही कधी अडलं नाही. बायको आक्काबाई त्याला "ममताचे बाबा" म्हणे, कंपनीतले सोबती "गोकुळभाई" म्हणत.

गेल्या दिवाळीनंतर त्याला भाकरी गिळवेना. आधी भाकरी, मग भात, मग पेजही अडकायला लागली. ईएसआयच्या दवाखान्यातून मोठ्या तपासण्या झाल्या. अन्ननलिकेचा कॅन्सर, आणि तो यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टरांनी आक्काबाईला बाजूला घेतलं नाही. चिंधासमोरच सांगितलं, की महिने मोजके आहेत आणि आता पोटात अन्नाची नळी बसवायला भरती व्हावं लागेल.

भरतीच्या खिडकीवर आक्काबाई उभी राहिली.

"पेशंटचं नाव?"

"गोकुळ."

"तुम्ही कोण?"

"बायको."

"तुमचं आधार द्या."

तिने पिशवीत हात घातला आणि तो तिथेच थांबला. तिच्या आधारवर नवऱ्याचं नाव चिंधा होतं. "घरी राहिलं," ती म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन बाहेर आली.

मुलगी ममता नाशिकला नर्सिंग शिकत होती. तिला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आई, भरती ज्या नावाने होते ना, मृत्यूचा दाखला त्याच नावाने निघतो. मी वॉर्डात रोज बघते."

"मग?"

"मग बाबा त्या कार्डावर गेले तर कागदावर काका जातील."

आक्काबाईला आधी ते समजलंच नाही. मग एकेक समजायला लागलं. तिकडे गावात जिवंत गोकुळ मेलेला ठरेल. त्याचं रेशन, त्याचा सातबारा, सगळ्यावर प्रश्न उभा राहील. आणि इथे ती कोणाचीच विधवा नसेल. कंपनीचं पेन्शन गोकुळच्या बायकोचं, मंजुषाचं. चिंधाच्या बायकोचा त्या कागदांशी संबंध काय?

"सरकारी दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "तिथं तुमच्या खऱ्या आधारवर."

चिंधाने मान हलवली. त्याने आधीच हिशोब घातला होता. तिथे चिंधा मेला, तर कंपनीतला गोकुळ न सांगता कामावरून पळालेला ठरतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा शेवट गैरहजेरी.

त्या दिवसापासून त्याने मरण्याची भीती सोडली आणि चुकीच्या जागी मरण्याची भीती धरली. खोकला आला की तो भिंतीला हात टेकून उभा राही, अजून नको, अजून नको, असं तोंडातल्या तोंडात म्हणत. नळीचं नाव काढू देईना. आक्काबाई चमच्याने पाणी पाजी आणि बोलत राही. "कागदासाठी उपाशी मरून राहिले. लोक पोटासाठी खोटं बोलतात, आमच्या घरी खोट्यासाठी पोट मारून राहिले."

शेजारच्या खोलीतला नवनाथ कंपनीत चिंधाच्याच विभागात कामाला. त्याला सांगणं भाग होतं. तो मालेगावकडचा, तोंडाचा मोकळा. ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"म्हणजे सोळा वर्षं मी कोणाच्या डब्यातलं खाल्लं, गोकुळभाई?"

"चिंधाच्या."

"भाजी चांगली होती, नाव काहीही असो." मग तो जवळ सरकला. "ऐका. गप राजीनामा देऊन टाका. दोन महिन्यांनी तुमचा भाऊ फंड काढेल, वहिनींच्या हातात देईल. कोणाला कळणारबी नाही."

"आणि पेन्शन?"



चिंधा दोन दिवस यावर विचार करत पडला. गोकुळवर त्याचा भरवसा होता. पण गोकुळला दोन मुलगे होते, मंजुषा होती, आणि पैसा एकदा त्याच्या खात्यात पडला की तो कायद्याने त्याचाच. भावाची अशी परीक्षा घेणं चिंधाला बरं वाटेना. तिसऱ्या दिवशी तो नवनाथच्या मोटारसायकलवर मागे बसून कंपनीच्या ऑफिसात गेला. तिथे कामगारांचे कागद बघणाऱ्या कल्पना मॅडम, मूळच्या नाशिकच्या. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. आवाज बसलेला, प्रत्येक वाक्याला थांबावं लागत होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, ही फसवणूक आहे. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतं."

"मी हे वर कळवलं तर तुम्हाला काढून टाकू शकतात. ईएसआयचे उपचारही थांबतील."

"आणि नाही कळवलं तर?"

त्यांनी त्याची फाइल उघडली. वारस म्हणून आईचं नाव होतं, आणि आई वारून नऊ वर्षं झाली होती. त्या मान वर न करता म्हणाल्या, "राजीनामा देऊ नका. माणूस नोकरीत असताना गेला तर विधवेला पेन्शन असतं, वर विम्याची रक्कमही. नोकरी सोडून गेला तर विमा गेला. पण त्याआधी नाव दुरुस्त व्हायला हवं. त्या अर्जावर तुमची सही लागते. तुमच्या मागे हे सिद्ध करत बसणं बाईंना फार जड जाईल."

"किती दिवस लागतील?"

"तुमच्याकडे किती आहेत?" त्या बोलून गेल्या आणि मग त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने तो हातात धरला. पिता येत नव्हतं.

गोकुळला बोलावणं गेलं. आक्काबाईला धाकधूक होती. नावदुरुस्तीसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रात गोकुळलाही लिहून द्यावं लागणार होतं, की दाखला मी दिला, खातं मी उघडलं. उद्या कोणी बोट दाखवलं तर त्याच्याकडेही दाखवणार. मंजुषा त्याला येऊ देईल का? तो सकाळच्या बसने आला, चप्पल काढली आणि भावाकडे बघून उंबऱ्यावरच बसला. चिंधाचा निम्मा माणूस उरला होता.

"वहिनी, सही कुठं करायची?" तो म्हणाला.

"भाऊजी, आधी ऐकून तर घ्या. तुमच्यावरबी येऊ शकतं."

"काय यायचं ते येऊन गेलं. घरकुलाच्या यादीतून माझं नाव दोनदा कटलं. ग्रामसेवक म्हणे, तू तर कंपनीत कामाला, तुझा फंड कापला जातो. मी काय सांगू त्याला? शेतात उभा राहून सांगू, की मी कंपनीत नाही?"

चिंधा उठून बसला. "मला का नाही बोलला?"

"तू काम सोडून आला असता, भाऊ."

चिंधाने भिंतीकडे तोंड केलं. त्या दुपारी त्याने पाण्याचा चमचाही घेतला नाही.

कल्पना मॅडमनी प्रकरण वर कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर उदय साहेब यांनी दोघांना समोर उभं केलं. साहेबांना शंका होती. मरणाच्या दारातला माणूस पुढे करून पैसे उकळायचा हा डाव असेल तर? त्यांनी गोकुळला विचारलं, "सात नंबरच्या मशीनची अडचण काय आहे?"

"साहेब, मी आजच गेटच्या आत आलो. शौचालय कुठं आहे तेबी मला माहीत नाही."

साहेबांनी चिंधाकडे पाहिलं. चिंधाने टेबलाची कड धरली. "सात नंबर. डावीकडून वरची तिसरी जागा. पावसाळ्यात तिथं धागा तुटतो. मागं खिडकी आहे, ओल येते. मी पुठ्ठा लावला होता. आता कोणी काढला असेल तर बघा."

साहेबांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं: पुठ्ठा आहे.

कंपनीने नावदुरुस्तीसाठी एका अटीवर पत्र दिलं. ठेकेदाराचं किंवा कंपनीच्या कोणाचं नाव घ्यायचं नाही, चूक दोघा भावांचीच म्हणून लिहून द्यायची. ठेकेदार कधीच मेला होता. चिंधाने होकार दिला. मग कोर्टाबाहेर नोटरीसमोर दोन स्टॅम्प पेपर झाले, एक चिंधाचा आणि एक गोकुळचा. पहिल्या दिवसाचा गेटपास जोडला, त्यावरचा सत्तावीस वर्षांचा चेहरा चिंधाचाच होता. नवनाथने आणि आणखी एका कामगाराने लिहून दिलं, की आम्ही ज्याच्यासोबत काम केलं तो माणूस हाच. वारसाच्या रकान्यात आईच्या जागी आक्काबाई आली. चिंधाला अंगठा चालला असता, पण त्याला सही करायची होती. ती त्याला फक्त गोकुळची येत होती. सव्वीस वर्षं तीच केली होती. ममता नाशिकहून आली होती. तिने वर्तमानपत्राच्या कडेवर "चिंधा" लिहून दिलं. त्याने ते सात-आठ वेळा गिरवलं, घाम पुसला, आणि मग कागदावर केलं.

फंडाच्या ऑफिसात अर्ज गेला त्याच दुपारी तो सरकारी दवाखान्यात स्वतःच्या आधारवर भरती झाला. नळी बसवली. उशीर झाला होता, डॉक्टर तसं म्हणालेही. तो रोज एकच विचारी, "आलं का काही?" चिंधाच्या फोनमधलं सिमही गोकुळच्या नावाचं, मेसेज त्यावर येणार होता. तो फोन आक्काबाईने ब्लाउजात ठेवला होता. बँकेचे, रिचार्जचे, कर्ज घ्या म्हणणारे मेसेज येत. हवा तो येईना.

अकराव्या दिवशी सकाळी चिंधा गेला. मेसेज आला नव्हता. तिने त्याच्या कानात सांगितलं, की आलाय. तो शुद्धीत होता की नाही, तिला अजून सांगता येत नाही.

स्मशानात कंपनीचे लोक आले. त्यांतले निम्मे एकमेकांना विचारत होते, हा चिंधा कोण?

दाखला चिंधाच्या नावाने निघाला. अर्ज एकदा परत आला, शाळेचा पुरावा मागत. शाळाच नव्हती, तर पुरावा कुठला? कल्पना मॅडमनी पुन्हा पत्र जोडलं, गोकुळ पुन्हा दोनदा येऊन गेला, उदय साहेबांनी पुन्हा सही केली. सात महिने आक्काबाई चारला उठत होती, कारण झोप लागत नव्हती. दिवसा ती एका पॅकिंगच्या कारखान्यात उभ्याने आठ तास डबे बंद करी. आपल्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागेल की नाही, एवढाच एक विचार हातांच्या मागे चालू राही.

आठव्या महिन्यात मंजुरी आली. पेन्शन थोडं, पण तिच्या खात्यात. फंडाची आणि विम्याची रक्कम मिळून त्यातून तिने जवळच अथालला एक खोली घेतली. दहा बाय अकरा, वर स्लॅब, दोन खिडक्या. खरेदीखत आक्काबाई चिंधा या नावाने झालं.