प्रोसेसरचा पंप वाढवणे

आमच्या घरात मिक्सर एकच्या पुढे फिरवायला बंदी आहे. मोटर जळते, असे माझ्या नवऱ्याचे मत. पंखाही पाचवर ठेवायचा नाही, कारण बेअरिंग जाते. अशा या जपून वागणाऱ्या गृहस्थाने मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर मात्र कंपनीने दिलेल्या वेगाच्या पलीकडे पळवायचा घाट घातला, आणि तोही गेम खेळण्यासाठी. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मला गोव्यातल्या साखळी गावच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता पन्नाशी उलटल्यावर कळले.

आधी हे सांगायला हवे की आमचे हे खाणीवर स्वतःचा टिपर चालवायचे. सासरचे लोक मूळ दोडामार्गकडचे, खाणीच्या कामासाठी लाटंबार्स्याला आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्या, टिपर विकला गेला, आता हे काजूच्या कारखान्याचा टेंपो चालवतात. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना कॉम्प्युटर इथेच ठेवला, आणि त्यात ट्रक चालवायचा एक गेम बापाला घालून दिला. टेबलाला अडकवायचे छोटे स्टिअरिंगही आणून दिले. दोघांनी इंटरनेटवरून एकाच रस्त्यावर आपापले ट्रक काढायचे, मागेपुढे चालवत माल कुठल्यातरी परदेशी गावाला पोचवायचा. ज्याला आयुष्यभर ट्रक चालवून कंटाळा आला असेल असे आपल्याला वाटते, तो माणूस दर रविवारी दुपारी जेवून, हात धुऊन, फुकट ट्रक चालवायला बसू लागला.

मी हसले, पण मनातून फार बरे वाटले. कारण या बापलेकांचे फोनवरचे बोलणे मी ऐकत आले होते. "जेवलंस?" "जेवलंय." "बरो आसस?" "बरो आसंय." आणि मग फोन माझ्या हातात. ट्रकात बसले की मात्र दोघे बोलायचे. हा उतार बघ, तो गिअर टाक, तिकडे तुमच्या ऑफिसात कसे काय, घरभाडे वाढले का. मी स्वयंपाकघरात भांडी घासायचे नाटक करत सगळे ऐकायची. पुण्यातल्या मुलाची खरी खबर मला त्या गेमातूनच कळायची.

तर दुखणे असे होते की यांचा ट्रक अडखळायचा. गाव आले, गर्दी आली की पडद्यावरचे चित्र थांबत थांबत पुढे सरकायचे, तोवर ट्रक कठड्याला. मुलगा पुढे जाऊन रस्त्याकडेला वाट बघत बसायचा. यांना ते लागले. खाणीच्या लाइनीत कुणाला पुढे जाऊ न दिलेला माणूस, आणि आता पोटचा पोर थांबून राहतो म्हणजे काय?

"बाबा, काय्येक गरज नाय," मुलाने सांगितले. "आसा तसां बरां आसा. मी थांबतंय मगे."

"गाडी मोडली तरी चलात," हे म्हणाले, "पण मी लाइनीत मागे रवचंय नाय."

मग मोबाईलवर व्हिडिओ बघणे सुरू झाले. त्यात एक तरुण, ज्याच्या खोलीत एसी आणि सात रंगांचे दिवे, तो प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज कसे वाढवायचे ते हसत हसत दाखवायचा. यांनी ते आपल्या भाषेत करून घेतले. टिपरच्या इंजिनाला डिझेल जास्त मिळावे म्हणून मिस्त्रीकडून पंप वाढवून घ्यायचे, तसेच हे. पंप वाढवलेला तो टिपर चढावावर वाघ होता खरा. मग एका चढावावरच त्याचे इंजिन बसले, त्याची आठवण मी करून दिली. चालकांना ही आठवण करून दिलेली आवडत नाही.

कॅबिनेट उघडले तर आत तांबडी माती. दारावरून टिपर धावत होते त्या काळातली, बोटभर. सरकारने खाण बंद केली, पण आमच्या कॉम्प्युटरात ती चालूच होती. ती साफ करून यांनी प्रोसेसर थंड ठेवायचा नवा कूलर बसवला. तो एवढा मोठा की कॅबिनेटचे झाकण लागेना. नाकापेक्षा मोती जड. झाकण लागत नाही तर नाही, बॉनेट उघडे असले की इंजिन थंड राहते, असे मला ऐकवण्यात आले. कूलरखाली प्रोसेसरला उष्णता ओढून घेणारी एक पांढरी पेस्ट वाटाण्याएवढी लावायची असते. बेअरिंगला मूठभर ग्रीस भरणाऱ्या माणसाला वाटाणा कसा पुरणार? यांनी अख्खी नळी पिळली. ग्रीस कमी पडून गाड्या गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, जास्त होऊन गेलेली एकही नाही. पेस्ट चारी बाजूंनी बाहेर आली, प्रोसेसर चुलीसारखा तापला आणि कॉम्प्युटर बंद पडला. अति तिथे माती, इथे तर माती आधीच होती.

पुसून पुन्हा लावली. मग लाटंबार्स्याची वीज आडवी आली. शेजाऱ्याने विहिरीचा पंप सुरू केला की आमचे दिवे मान टाकतात, आणि वाढवलेला प्रोसेसर तर दिव्यांच्याही आधी. उपाय म्हणून फ्रिजचा स्टॅबिलायझर कॉम्प्युटरला गेला. फ्रिज देवाच्या भरवशावर. सकाळी उठल्या उठल्या परीक्षा म्हणून प्रोसेसर पूर्ण जोरात चालवत ठेवायचा, तेव्हा कूलरचा पंखा असा घोंगावायचा की सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू येईना. पोदेर दारावरून निघून जायचा आणि आम्ही पावाविना चहा प्यायचो. गेमसाठी ओव्हरक्लॉकिंग करावे का, असे कुणी मला विचारले तर मी विचारीन, तुमच्याकडे पाव किती वाजता येतो?

अखेर एक दिवस कॉम्प्युटर न तापता, बंद न पडता चालला. नवे वाहन रस्त्यावर काढायचे तर देवाला गाऱ्हाणे घालायला हवेच. शेजारी राहणारे माझे थोरले दीर नारळ घेऊन आले. कॉम्प्युटरसमोर उभे राहून, डोळे मिटून, अगदी गंभीरपणे त्यांनी सुरुवात केली.

"बा म्हाराजा, ह्या लेकरान आज ह्या यंत्राचो वेग वाढवल्यान हा. तेका कोणाची नजर लागां देव नको, करंट जाव देव नको, नि झीलाच्या गाडयेच्या मागे बापाशीची गाडी रवां देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हे म्हणाले. मीही म्हणाले. हसू येत होते, पण गाऱ्हाण्यात हसत नाहीत.

नारळ अंगणात फोडा, एवढेच मी सांगितले आणि त्यांनी ऐकले.

देवानेही ऐकले, आणि हीच पंचाईत झाली. त्या रविवारी यांचा ट्रक लोण्यासारखा चालला. ही करामत वाढवलेल्या वेगाची की काढलेल्या मातीची, असा प्रश्न मला पडला होता, पण सुखी माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. हे पुढे, मुलगा मागे. थांबायचे कारण कुणालाच उरले नाही. माझा चहा उकळायच्या आत दोघेही पोचले.

"पोचलंय, बाबा."

"मी पण पोचलंय."

"बरां. ठेवतंय मगे."

पुढचे रविवार असेच गेले. दोन उत्तम ट्रक, सुसाट, मुके. मग मुलगा म्हणाला, या रविवारी काम आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही होते. हे स्टिअरिंगसमोर एकटेच बसून रिकामा रस्ता कापत राहिले. मला भीती वाटली. फोनवर पुन्हा तेच, जेवलंस, जेवलंय. त्या "जेवलंय"मध्ये काहीतरी अडकले आहे हे मला कळत होते, पण आई खोदून विचारते तेव्हा मुलगे जास्तच जेवलेले असतात.

 मी यांना बोलणार होते, वाक्यसुद्धा तयार होते, चांगले टोचणारे.

मग एका रविवारी मुलगा पुन्हा गेमवर यायचा होता. मी चहा घेऊन गेले तर हे वेग ठरवायच्या त्या काळ्या पडद्यावर आकडे बदलत होते. जिथून सुरुवात केली होती तिथेच नेऊन ठेवले, आणि वर गेममधली चित्रे आधी होती त्याहून भारी करून टाकली, म्हणजे ट्रक नक्की अडखळावा. माझ्याकडे बघितले नाही. गेम सुरू झाला. गाव आले, चित्र थांबले, ट्रक कठड्याला.

"बाबा, खय रवलात?" स्पीकरमधून मुलाचा आवाज आला.

"मागे आसंय रे. पंप परत कमी केलो. इंजिन तापत होतां."

मी कॅबिनेटवर हात ठेवला. गार होते.

"बरां," मुलगा म्हणाला. "मी बाजूक थांबतंय. सावकाश येवा."

 हे हळूहळू चालवत होते, रस्ता मोकळा होता तिथेही.

"बाबा."

"हां."

"माका हय करमणां नाय."

यांनी ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केले आणि स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मी पण गाडी बाजूक लायलंय," हे म्हणाले. "सांग."

चहा माझ्या हातात निवत चालला होता. मी तो परत नेऊन गॅसवर ठेवला.