हळू वाजणारी पेटी

माझं प्लायवुडचं दुकान आहे. तीस वर्षांत मी गावातली माणसं त्यांच्या प्लाय निवडण्यावरून ओळखायला शिकलो. कोणी कडा बघतो, कोणी वास घेतो, कोणी नुसताच भाव विचारतो आणि माझी कॉफी पिऊन जातो. स्पीकरच्या पेट्या बनवणारा मुर्यादी ठोकायचा. बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावून, प्लायच्या अख्ख्या पाटावरून फिरायचा आणि आतल्या थरात पोकळी असेल तिथे बरोबर थांबायचा. "कांग तोहिर, इथं उंदीर राहतो," असं मला म्हणून तो पाट बाजूला काढायचा. कांग म्हणजे आमच्याकडे दादा. मला राग यायचा, कारण दर वेळी त्याचंच खरं निघायचं.

मग तीन-चार वर्षांपूर्वी त्याने कान लावणं सोडलं. एका हाताने ठोकायचा आणि दुसरा तळहात पाटाला चिकटवून ठेवायचा. मला शंका आली. एकदा तो पाठमोरा असताना मी म्हणालो, "मुर्यादी, तुझ्या चपलेवर विंचू आहे." तो आपला ठोकतच राहिला. वळला तेव्हा माझं तोंड बघून त्याला सगळं कळलं.

"कोणाला बोलू नकोस, कांग," तो म्हणाला. "माकला तर मुळीच नको. ती म्हणेल, पाकचंच खरं झालं."

माक म्हणजे त्याची आई, पाइनेम. आणि पाक, त्याचा बाप वागिरान, तेव्हा नुकताच वारला होता.

हे बापलेकाचं प्रकरण सांगायला हवं. आमचं गाव बालीच्या शेजारच्या बेटावर, ब्लितार शहराच्या दक्षिणेला. इथे लग्नाच्या पत्रिकेवर नवरानवरीच्या नावाखाली स्पीकर कोणाचे लागणार ते छापतात. ऑगस्टमध्ये मिरवणुका निघतात तेव्हा ट्रकवर दोन मजली उंच स्पीकरची भिंत असते, आणि ती घरासमोरून गेली की कौलं सरकतात. लोक शिव्या देतात आणि बघायला पहिल्या रांगेत उभे राहतात, मीसुद्धा. त्या भिंतीतल्या पेट्या मुर्यादीच्या हातच्या. वीस वर्षं तो पेटी बनवायचा, ती लावून बघायला तिच्यासमोर उभा राहायचा, आणि काच फुटली की खूश व्हायचा. कानात कापूस घाल म्हणून मी किती वेळा सांगितलं. "कापूस घातला तर कळणार कसं?" हे त्याचं उत्तर.

बाप वागिरान चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळात मोठा गोंग, म्हणजे टांगलेली काशाची भलीमोठी थाळी, वाजवायचा. चाळीस वर्षं एकाच मंडळीत. सगळ्या वाद्यांमागे बसायचं, बाकीच्यांची फेरी पुरी होईपर्यंत थांबायचं, आणि शेवटी एकदाच ठोका द्यायचा. माणूस तसाच होता, कमी बोलणारा आणि शेवटी बोलणारा. मुर्यादीच्या पहिल्या पेट्या ऐकून तो एवढंच म्हणाला, "हा आवाज नाही. हा धक्का आहे." पुढे मुलाच्या कारखान्यासमोरून जायला लागू नये म्हणून तो कालव्याच्या बाजूने वळसा घालून बाजाराला जायचा. भांडण असं कधी झालंच नाही, आणि म्हणूनच ते मिटलंही नाही. मंडळीचा मालक वारला, त्याच्या पोरांनी सगळी वाद्यं बालीतल्या एका हॉटेलला विकली, गोंगही गेला. त्यानंतर दीड वर्षात वागिरान गेला.

आमच्यात माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवसापासून जेवणं घालतात, आणि शेवटचं जेवण हजाराव्या दिवशी. त्या दिवशी कबरीवर दगड बसतो. त्यानंतर गेलेल्याला परत परत बोलवायचं नसतं, त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. पाइनेमने कॅलेंडरवर हजार दिवस मोजून खूण केली होती. खुणेला दोन महिने राहिले तेव्हा तिने मुर्यादीला घरी बोलावलं, आणि प्लायचा एक न वापरलेला पाट परत न्यायला मी तेव्हा त्याच्याकडे आलो होतो म्हणून मीही गेलो.

तैवानला कामाला गेलेल्या धाकट्या मुलीने आईला मोठा टीव्ही आणि होम थिएटर पाठवलं होतं. त्यावर लावायला वागिरानच्या एका खेळाचं जुनं रेकॉर्डिंग कोणीतरी पेनड्राइव्हवर भरून दिलं होतं. म्हातारीने ते लावलं. बासऱ्या छान वाजल्या, ढोलकं वाजली. गोंगाची वेळ आली तेव्हा त्या प्लॅस्टिकच्या डबीतून पातेलं पडल्यासारखं काहीतरी वाजलं.

"ऐकलंस?" पाइनेम म्हणाली. "चाळीस वर्षं राबला माणूस, आणि हे उरलं."

मुर्यादी तिच्या ओठांकडे बघत होता.

"गावभर पेट्या करतोस," ती म्हणाली, "तर एक घरात ठेवायची कर. हजाराव्या दिवशी मला त्याचा गोंग ऐकायचाय, होता तसा. एकदा ऐकते आणि मग सोडते त्याला. ऐकल्याशिवाय सोडवत नाही बघ मला."

मुर्यादी मान डोलवत बाहेर आला. फाटकापाशी त्याने मला विचारलं, "शेवटचं काय म्हणाली?" मी सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. "कांग, चांगला प्लाय दे."

"मी वाईट कधी दिला तुला?"

"दर वेळी."

अठरा एमएमचे दोन पाट त्याने निवडले. दहा दिवसांत पेटी तयार झाली. सांधे असे बसवले होते की नखही जाणार नाही. खाली हवा सुटायला लांब, अरुंद तोंड ठेवलं होतं. पेटी लावून बघायची त्याची रीत ठरलेली होती. वर कॉफीचा ग्लास ठेवायचा आणि तळहात फळीवर. गोंग वाजला तसा ग्लास नाचत नाचत कडेला गेला, मुर्यादीच्या हाताला जबर हादरा बसला, आणि तो हसला. कित्येक महिन्यांनी हसताना बघितलं त्याला.

पेटी आईच्या घरी नेली. ती चटईवर बसून डोळे मिटून ऐकत होती. कपाटातल्या बशा वाजायला लागल्या. शेजारची कोंबडी कुंपणावरून पळाली.

"जोर आहे," पाइनेम म्हणाली.

मुर्यादीने ते ओठांवरून ओळखलं आणि खूश झाला.

"पण श्वास कुठंय? तुझ्या पाकचा गोंग वाजला की लाटा घेत जायचा. वर, खाली, वर, खाली, लहान लहान होत. हा एकदाच ओरडून गप्प बसतो. आणि ढोलही त्याच सुरात ओरडतो. सगळ्यांना एकच तोंड दिलंयस तू."

एवढं लांब त्याला वाचता आलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला माझी जीभ वळली नाही. "माक म्हणतात, मोठी छान आहे, फक्त थोडं बघायला पाहिजे," मी म्हणालो. पण त्याने आईचा चेहरा पाहिला होता.

चूक काय झाली ते त्याच्या आधी माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे चांगली पेटी म्हणजे जी हादरते ती. तिचं हवेचं तोंड असं कापतात की एका ठरावीक सुराला ती गरजते आणि बाकी सगळं त्या सुरात ओढून घेते. मिरवणुकीत हेच हवं असतं. वीस वर्षं त्याने हेच केलं, आणि आता ऐकू येत नाही म्हटल्यावर तो हाताला लागणाऱ्या हादऱ्यावरच विसंबून राहिला. ज्या पेटीची फळीच थरथरते ती गोंगाचा आवाज स्वतःच्याच आवाजात बुडवते. कारखान्यात परतल्यावर आईचे शब्द आणि हे सगळं मी सांगितलं तेव्हा तो चिडला. "प्लाय विकतोस तेवढंच कर," म्हणाला. मीही चिडलो. "मग कान विकत घे कुठून तरी," म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

तो खाली भुशात बसला.

"ती लाट मला आठवतच नाही, कांग," तो म्हणाला. "लहानपणी पाकच्या मांडीशी झोपायचो मी खेळात. ऐकली असणारच. आता शोधतो तर सापडत नाही. माझे ट्रक आठवतात फक्त."

मला त्याची फार दया आली, आणि दया आली हे त्याला दिसू नये म्हणून मी उगाच पाट रचत बसलो.

तिसऱ्या दिवशी पाइनेमच कारखान्यात आली. नवऱ्यासोबत तिनेही कालव्याची वाट धरली होती, त्यामुळे वीस वर्षांत ती पहिल्यांदाच तिथे येत होती. मुर्यादीने तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, "माक, ती लाट हाताने दाखव. किती लांब, किती वेळा." तिला वाटलं असेल, सुताराची काहीतरी मापं असतील. ती डोळे मिटून मनात गोंग वाजवायची आणि तळहात हवेत वरखाली करायची. तो मोबाइलवरच्या घड्याळात मोजायचा. चार वेळा करून घेतलं, आणि चारही वेळा तिचा हात त्याच चालीने चालला.

मग त्याने पहिली पेटी करवतीने चिरली. नवी जवळजवळ दुप्पट मोठी केली, हवेच्या तोंडाशिवाय, सगळीकडून बंद. भिंती दोन पदरी केल्या, मध्ये गोंद भरून शिकंजे रात्रभर आवळून ठेवले. आत उभेआडवे आधार असे बसवले की पेटीवर बैल उभा राहिला असता. पोकळीत सावरीचा कापूस भरला. स्पीकरच्या पडद्यासमोर त्याने सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी दोऱ्याने टांगली आणि रेकॉर्डिंग लावलं. गोंग झाला. पट्टी हलायला लागली, जोरात, मग हळू, पुन्हा जोरात. तो घड्याळ बघत होता. आईच्या हाताच्या चालीशी ते जुळेपर्यंत त्याने कापूस कितीदा काढला आणि घातला याचा हिशोब नाही.

"आता फळीला हात लाव," तो मला म्हणाला. मी लावला. काहीच लागलं नाही.

"मलाही नाही लागत," तो म्हणाला. "म्हणजे जमलं."

हजाराव्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर माणसं जमली. सकाळी कबरीवर दगड बसवून झाला होता. पिवळ्या भाताचा डोंगर, अख्खी कोंबडी, तांदळाच्या पिठाचे गोड आपेम, सगळं पानांवर मांडलेलं. पेटी कोपऱ्यात होती. पाइनेमने तिच्यावर नवऱ्याचं बाटिकचं वस्त्र पांघरलं होतं, त्यामुळे स्पीकरचा पडदा हललेला दिसत नव्हता. आवाज मोठा करू नका, असं तिने बजावलं होतं. "गोंग ओरडत नसतो," म्हणाली.

मुर्यादीने मला आधीच बाजूला घेतलं होतं. "हळू लावलं तर मला काहीच कळणार नाही. तू माझ्याशेजारी बस. गोंग झाला की माझा गुडघा दाब. म्हणजे मी सगळ्यांबरोबर मान खाली घालीन." मी हो म्हणालो. एवढंच माझं काम होतं, गोंग लावायचा आणि गुडघा दाबायचा.

गावचे धार्मिक विधी करणाऱ्या मोदिननी दुआ पुरी केली. मी बटण दाबलं तेव्हा मुर्यादीची नजर अजून दुआसाठी धरलेल्या ओंजळीवर होती.

खालून, चटईच्याही खालून, कुठून तरी तो आला. मी वागिरानला पोरपणापासून ऐकलेलं होतं, आणि एवढ्या वर्षांत विसरलोही होतो. आवाज वर आला, सावकाश खाली गेला, पुन्हा वर आला, घरभर फिरला, लहान लहान होत गेला. कोणी हललं नाही. पाइनेमने ओढणी तोंडाला लावली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मला काहीच सुचेनासं झालं. शेवटची लाटही विरली, तरी सगळे तसेच बसून होते.

त्या शांततेत मुर्यादी बोलला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही.

"कांग, लाव ना आता! माणसं थांबलीत!"

सगळ्यांनी माना वळवल्या. मी त्याचा गुडघा दाबला नव्हता. ते मला मरेपर्यंत सलत राहील. त्याने आजूबाजूला पाहिलं, ओले डोळे पाहिले, आणि गोंग वाजून गेला हे त्याला कळलं.

पाइनेम त्याच्याकडे बघत राहिली. हवेत वरखाली केलेला आपला हात तिला आठवला असणार, ओठांकडे बघणारी त्याची नजर आठवली असणार. ती हातावर जोर देत उठली, माणसांमधून वाट काढत त्याच्या मागे येऊन बसली आणि तिने तळहात त्याच्या पाठीवर ठेवला.

"तोहिर, परत लाव," ती म्हणाली.

मी लावला. गोंग झाला, आणि तिचा हात त्याच्या पाठीवर दाबला गेला, सैल झाला, पुन्हा दाबला गेला. लाट लहान होत गेली तसा हातही हलका होत गेला. मुर्यादीचे खांदे हलत होते. हात थांबला तेव्हा आवाजही संपला होता.

"चांगली केलीस पेटी," पाइनेम म्हणाली. "त्यालाही आवडली असती. आता परत लावू नका. जाऊ दे त्याला."

हे ती त्याच्या पाठीमागून बोलली. मी सरकून त्याच्यासमोर बसलो आणि ओठ सावकाश हलवत, एकही शब्द न गाळता, ते त्याला सांगितलं. मुर्यादीने मान डोलवली, उठला आणि त्यानेच बटण बंद केलं.