फळीवरची छत्री

इकडे ये, अशी माझ्या जवळ बस. लांबून मोबाइल दाखवतेस आणि मला नीट दिसलं नाही की रागावतेस, ही कुठली रीत पोरी? तुझा फोटो पाहिला मी. ट्रकच्या पाठीवर घर, घरात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि दारावर मोटारकंपनीचं नाव. मी एवढंच विचारलं की आतलं कपाट कुणी केलं, तर तू हसलीस. म्हणालीस, "आत्याआजी, एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव आहे त्याच्यावर, कपाट कोण विचारतं?"

तुला वाटलं म्हातारीला नवल वाटलं. अगं, मी अशा घरात राहिलेली बाई आहे. आपलं राज्य नुकतं झालं होतं तेव्हाची गोष्ट. आणि ते घर मला आणून दिलं तुझ्या आजोबानं, माझ्या पाठच्या भावानं. हे तुझ्या घरात कुणी बोललं नसेल. आता ऐक, मधे बोलू नको.

माझं सासर वडनेर भोलजीचं. घरची भाजीची वाडी होती, पण माझ्या मालकांचा जीव जत्रेत. गोडी शेव आणि रेवडी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दिवाळी झाली की आम्ही बैलगाडीत कढया, झारे, गुळाच्या भेल्या भरायचो आणि या जत्रेतून त्या जत्रेत, थेट चैत्रापर्यंत. झोपायचं गाडीखाली गोणपाट अंथरून. लेकरू माझं तेव्हा रांगतं. सकाळी उठलं की त्याच्या अंगावर माती आणि बैलाच्या तोंडातला कडबा.

वडनेरला मला एक खोली होती. गोठ्याला लागून, खिडकी नसलेली, पण माझी. कडी लावता येत होती. एकत्र घरात बाईला कडी लावता येणं म्हणजे काय, ते तुला कळायचं नाही. तुझ्या घरात न्हाणीघरालाही कुलूप आहे.

तुझा आजोबा तेव्हा अकोल्याला मोटारी विकणाऱ्या एका एजन्सीत कामाला लागला होता. पोरगा हुशार, बोलायला गोड. मी त्याला कडेवर वागवलेलं. एक दिवस आला आणि ओसरीवर बसून सांगू लागला की एजन्सीत एक ट्रक उभा आहे, मागं आख्खं घर असलेला. कुण्या साहेबाच्या दौऱ्यासाठी मागवला होता, साहेबाची बदली झाली. भिंतीतून निघणाऱ्या खाटा आहेत, कपाट आहे, स्वयंपाकाचा ओटा आहे, जाळीची खिडकी आहे. माझे मालक नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये ट्रक चालवायला शिकलेले, त्यांचे डोळे लगेच चमकले. पण तो त्यांच्याशी बोलतच नव्हता. माझ्याकडं पाहून म्हणाला,

"अक्का, तुले घर भेटते. कंपनीनं केलेलं. जसं कारखान्यातून निघालं तसंच उभं आहे."

बैलजोडी विकली, गाडी विकली, उरलेल्या पैशांचे हप्ते बांधले, आणि ट्रक दारात आला. सगळं गाव जमलं. नाकावर कंपनीची पितळी पाटी, आणि तशीच दुसरी पाटी मागच्या घराच्या दारावर. आतून निळा रंग, इतका जाड की बोट फिरवलं तर गुळगुळीत. मी खाट ओढली, पुन्हा भिंतीत लोटली, पुन्हा ओढली. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "बाई, आता तुमचं काय, राणीचा कारभार."

आता एक गोष्ट तुला सांगते, ती नीट ध्यानात घे. आमच्याकडं कुणी नवी बैलगाडी घेतली तर माणसं ती वाजवून पाहतात. चाक ठोकतात, दांडीवर पाणी टाकून लाकूड पितं का पाहतात, जोडात नख घालतात. विकणारा समोर असला तरी लाज धरत नाहीत. माझ्या मालकांनीही सवयीनं मूठ वळून त्या भिंतीवर हात उचलला. तेवढ्यात सासूबाई दारातून बोलल्या, "राहू दे. तिच्या भावानं आणलं. माहेरची वस्तू वाजवत नसतात."

खरंच आहे ते. भाऊबीजेचं लुगडं बहीण उलगडून पाहत नाही, लांबीला पुरं आहे का म्हणून. घडी कपाळाला लावायची आणि ठेवायची. मालकांचा हात खाली आला. तुझ्या आजोबानं ते पाहिलं. तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याला तेव्हा बोलता आलं असतं.

घरात लगेच ठरलं की धाकटीला दिवस गेलेत, तर गोठ्याजवळची खोली तिला द्यावी. मला चाकांवरचं घर झालंच होतं. मी माझी पेटी उचलून ट्रकमध्ये ठेवली आणि कडीची साखळी तिच्या हातात दिली. हसत दिली.

तो हिवाळा मात्र सुखाचा गेला, खोटं काऊन बोलू. लेकरू खाटेवर झोपायचं. जत्रेतल्या बाया पायरीवर उभ्या राहून आत डोकवायच्या, मी त्यांना ओटा दाखवायची. पण महिनाभरात कपाटाचं दार मिटेना. मग खिडकीचा खिळा निघाला, मग खाटेची कडी ढिली झाली. खडीच्या रस्त्यानं पुढचा भाग असा जायचा की कपातला चहा हलू नये, आणि मागचा भाग करकरायचा. मालक म्हणायचे, "पुढं सोयरा बसला आहे अन् मांगं म्हातारा कण्हून राह्यला." आम्ही हसायचो. खिळे पुन्हा ठोकायचो. कंपनीचं आहे, बसेल हळूहळू, असं मीच म्हणायची.

चैत्रात अमडापूरच्या बाजाराला निघालो होतो. गावाबाहेर गाडी लावली आणि भर दुपारी वळवाचा पाऊस आला, गारांचा. आम्ही आत बसलो, दार लावून. मला बरंच वाटलं की लोक पळताहेत आणि आपण घरात आहोत. मग छताच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. शेवेच्या टोपल्या मी खाटेवर ठेवल्या तर खाटेची कडीच भिंतीतून उपटून आली, लाकडाच्या भुशासकट. लेकराला उचलून मी मागच्या भिंतीला टेकले, आणि ती भिंत माझ्या पाठीबरोबर बाहेर कलली. पडली नाही, नुसती कलली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.

पाऊस थांबला तेव्हा भिंतीवरचा निळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुटून लोंबत होता. खाली पांढरट फळ्या होत्या. आणि कपाटाच्या आतल्या फळीवर काळ्या शाईत एक छत्री काढलेली होती. छत्री, शेजारी एक वर जाणारा बाण, आणि पुसट अक्षरं.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं, ते मी पुढं माझं मी शिकले. पण छत्री कुणालाही कळते. मालक ती पाहत राहिले. नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये यंत्राचे भाग लाकडी खोक्यांतून यायचे, त्यांवर त्यांनी हीच खूण पाहिलेली होती. म्हणाले, "हे तं खोक्याचं लाकूड आहे. पाण्यापासून जपा म्हणून छत्री काढते त्याच्यावर."

बाजाराची माणसं जमली होती. एक म्हातारा म्हणाला, "बाई, घराले छत्री लागते हे पहिल्यांदाच पाह्यलं." सगळे हसले. मी शेव गोळा करत होते. चिखलात गुळाचा पाक वितळत होता.

आम्ही तसेच अकोल्याला गेलो. एजन्सीचा मालक सभ्य होता, त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. म्हणाला, इंजिन बिघडलं का? चाक, गिअर, काही? नाही ना? मग कंपनीचं काही चुकलं नाही. मागचं घर कंपनीनं केलेलंच नाही, ते आमच्या मागच्या शेडमध्ये उभं केलं. मी विचारलं, मग दारावर पाटी कशी? तर तो म्हणाला, पाटी शोभेची असते. तुझा आजोबा तेव्हा दाराशी उभा होता, हातात कसले तरी कागद. वर पाहिलं नाही.

आम्ही बाहेर पडलो तसा मागून आला. मालक पुढं गेले, आम्हा दोघांना बोलू द्यावं म्हणून. मी म्हटलं, तुला ठाऊक नव्हतं असं म्हण. एवढंच म्हण, मी मानते.

त्यानं हातातले कागद गुंडाळले. मग म्हणाला, "अक्का, पाटी मीच ठोकली."

आणि म्हणाला की नोकरी नवी होती, ट्रक पडून होता, विकून दे नाहीतर जा असं सांगितलं होतं. आणि गाडी तर चांगलीच आहे ना. गाडी चांगलीच होती. तेच मला आजवर बोचतं. मालकांनी मागचं घर उतरवलं, तिथं साधा हौदा बसवला, आणि सरकी, मिरची, तूर वाहिली. कित्येक वर्षं तो ट्रक चालला. सासरचे म्हणायचे, सुनेच्या भावानं गाडी पक्की दिली. घराचं नाव कुणी काढलं नाही. त्या फळ्या मी भट्टीला लावल्या, छत्रीची सगळ्यात आधी. कागदासारख्या जळाल्या, कढईला ताव आला नाही.

आणि माझी खोली? धाकटी तिथं बाळंत झाली. बाळंतिणीला ऊठ कशी म्हणणार? मग तिचं दुसरं झालं. मी ओसरीवर पेटी ठेवली, पडदा बांधला. पडद्याला कडी नसते, पोरी.

दिवाळीला तुझा आजोबा भाऊबीजेला आला. मी पाट मांडला, ओवाळलं. त्यानं ताटात लुगडं ठेवलं. हिरवं, लाल काठाचं. मी ते कपाळाला लावलं नाही. तिथंच, सगळ्यांच्या पुढ्यात, घडी मोडली आणि कोपरापासून बोटापर्यंत हात लावत मोजत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. तो माझ्या हाताकडं पाहत होता. लुगडं पुरं भरलं, वर वीतभर जास्तच.

तो जेवला नाही. पुढच्या दिवाळीपासून ओवाळणी टपालानं येऊ लागली. लग्नाकार्यात भेटतो, तब्येत विचारतो, मी विचारते. तुम्ही लेकरं समजता की म्हातारी माणसं थोडकंच बोलतात. ते हिरवं लुगडं पेटीत आहे. नेसले नाही. मोजलं याचा मला पस्तावा नाही, मोजावं लागलं याचा आहे.

म्हणून तुला विचारलं की कपाट कुणी केलं. नाव दारावर असतं, पाणी कोपऱ्यातून येतं. घेऊ नको असं म्हणत नाही मी. घे, हिंड, तुझ्या घराला आतून कडी असू दे. पण पैसे देण्याआधी ती गाडी माझ्या दारात आण. मी कपाटाचं दार लावून पाहीन, खाटेवर बसेन, भिंत वाजवीन. आणि येताना तुझ्या आजोबाला सोबत आण. त्याला पायऱ्या चढवत नसतील तर हात दे. त्यालाही वाजवू दे. त्या दिवशी माझ्या मालकांचा हात न वाजवताच खाली आला होता, ते वाजवणं कुणीतरी पुरं करायला पाहिजे.

वांगी आली आहेत वाडीत. भरीत आणि कळण्याची भाकर करते. फार दिवस लावू नका. लवकर या.